दुर्बिणीची तारीख

सोफ्यावर नुसतं बसून त्याची कुठली स्प्रिंग गेली आहे हे सांगणारा माणूस त्या सगळ्या भागात एकच होता, म्हणून त्याला लहानथोर सगळे स्प्रिंगकाका म्हणत. गिऱ्हाइकाच्या घरी गेले की काका आधी सोफ्याच्या एका टोकाला बसत, मग सरकून मधे, मग दुसऱ्या टोकाला. डोळे मिटलेले. घरची माणसं गप्प उभी राहून बघायची, डॉक्टर आजारी माणसाला तपासत असावेत तशी. "डावीकडून तिसरी," काका डोळे उघडून सांगत, "आणि तिच्या मागची पण आता फार दिवस काढत नाही." सोफा उघडल्यावर तसंच निघायचं. मग घरमालकीण नवऱ्याकडे बघायची, कारण त्या तिसऱ्या स्प्रिंगवर रोज कोण धपकन बसतं हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

खाली दुकान आणि वर घर. दुकानात एक लांबलचक टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेले रेक्झिनचे आणि कापडाचे रोल, कोपऱ्यात फोमच्या लाद्या. काका काम करताना चुका, म्हणजे त्या बारीक खिळ्या, ओठांत धरत आणि एकेक काढून हातोडीनं ठोकत. चाळीस वर्षांची सवय. त्यामुळे काम चालू असताना त्यांच्याशी बोलायला आलेल्या माणसाला 'हूं' आणि 'अंहं' या दोनच उत्तरांवर भागवावं लागे. काकू म्हणायच्या, "आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्या चुकांनीच वाचवली."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी काकांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखलं नाही, खुपलं नाही, नुसता लाल रंग. काका बाहेर येऊन म्हणाले, "काल बीट खाल्लं होतं ना आपण?"

"बीट महिनाभर घरात आलेलं नाही," काकू म्हणाल्या आणि हातातलं काम टाकून उठल्या.

लघवीच्या पिशवीत गाठ निघाली. वाईट जातीचीच, पण लवकर सापडलेली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि डॉक्टरांनी एकच अट घातली. ही गाठ पुन्हा पुन्हा डोकं वर काढू शकते, तेव्हा ठरल्या तारखेला येऊन दुर्बिणीनं आत बघून घ्यायचं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी. भरती व्हायचं नाही, भूल द्यायची नाही. सकाळी यायचं, अर्ध्या तासात बाहेर, दुपारी घरी. काका दर वेळी गेले. तारखेच्या आधीच्या आठवड्यात त्यांची भूक मरायची, उगाच चिडचिड व्हायची, शिवलेली गादी उसवून पुन्हा शिवायचे. दुर्बीण होऊन "काही नाही, स्वच्छ आहे" असं डॉक्टर म्हणाले की जीव भांड्यात पडायचा आणि परत येताना ते टेम्पो चालवता चालवता गाणं म्हणायचे. गळा मुळीच नव्हता. काकू खिडकीची काच वर करून घ्यायच्या.

आणि मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, दुकानं बंद झाली, माणसं एकमेकांना बघून फुटपाथ बदलायला लागली. काकांची पुढची तारीख आठ दिवसांवर असताना हॉस्पिटलचा निरोप आला : तातडीच्या नसलेल्या सगळ्या तपासण्या तूर्त पुढे ढकलल्या आहेत, नवी तारीख कळवू.

परीक्षा रद्द झाल्यावर पोरांना व्हावा तसा आनंद काकांना झाला. तो त्यांनी लपवला. "बघ, आता हॉस्पिटलच नको म्हणतंय," ते काकूंना म्हणाले, चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून. त्या आठवड्यात त्यांची भूक उत्तम होती.

दोन-अडीच महिन्यांनी तपासण्या पुन्हा सुरू झाल्या आणि हॉस्पिटलमधून फोन आला. बाईचा आवाज होता, शांत, थोडा बसलेला. "काका, मी दुर्बीण विभागातली सिस्टर बोलतेय. तुमची तपासणी राहिलीय. पुढच्या मंगळवारी सकाळी जमेल?"

"सिस्टर, आमच्या घरी दमा आहे," काका म्हणाले. "आमच्या बायकोला. मी तिथून काहीतरी घेऊन आलो तर? नकोच. साथ संपली की मीच येतो बघा."

"बरं काका. मी पुन्हा करीन."

दम्याचं कारण बिनतोड होतं. काकूंना दमा होताच, तोही चांगला जुना. दूरच्या शहरात असलेल्या लेकीनंही फोनवर होकार भरला. "बाबा, बरोबर केलंत. आईला जपायला हवं." शेजारचे किराणावाले म्हणाले, हॉस्पिटलात तर आत्ता पाऊलही टाकू नये. सगळं जग काकांच्या बाजूनं होतं. फक्त काकू काही बोलल्या नव्हत्या, कारण काकूंना त्या फोनचा पत्ताच नव्हता.

दुकान अर्धवट सुरू झालं होतं. तोंडाला मास्क असल्यामुळे चुका ओठांत धरता येत नव्हत्या, त्यामुळे कामाचा वेग निम्म्यावर आला होता आणि काका बोलायला मात्र लागले होते. तीन महिन्यांपूर्वी तयार झालेला एक तीन माणसांचा हिरवा सोफा टेम्पोतच पडून होता. ज्यांचा तो होता ते म्हणत होते, परक्या हाताची वस्तू इतक्यात घरात नको, जरा थांबा. दुकानात ठेवायला जागा नव्हती. तेव्हा टेम्पोच सोफ्याचं घर झाला होता.

पंधरा दिवसांनी सिस्टरचा पुन्हा फोन आला. काकांनी नंबर ओळखला, आवाज बदलला आणि म्हणाले, "राँग नंबर."

पलीकडून मग सिस्टर म्हणाल्या, "काका, आवाज बारीक केलात तरी हातोडी तीच ऐकू येतेय."

काकांनी फोन ठेवून दिला आणि दिवसभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली. साठी उलटलेला माणूस, नातवंडांचा आजोबा, आणि राँग नंबर!

तिसऱ्या वेळी फोन काकूंनी उचलला. काका टेबलावर एका खुर्चीचं कापड ताणत होते. काकू फोन कानाला लावून 'हो, हो' म्हणत होत्या, मग त्यांचा 'हो' थांबला. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर, काकांच्या हातोडीशेजारी ठेवला.

"माझ्या दम्याचं काय सांगितलंत तुम्ही यांना?"

काकांनी हातातलं कापड सोडून दिलं.

"सिस्टर," काकू म्हणाल्या, "माझा दमा माझ्यापाशी वीस वर्षं आहे. त्याच्या आड लपायला मी कुणाला परवानगी दिलेली नाही. हे तुमच्यापुढे बसलेत असं समजा आणि विचारा काय विचारायचं ते."

सिस्टर रागावतील, आकडे सांगतील, घाबरवतील अशी काकांनी तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "काका, खरं खरं सांगा. भीती कशाची वाटते? मी सगळ्यांनाच विचारते हे. कुणी म्हणतं रिक्षाची, कुणी म्हणतं लिफ्टची. एक आजोबा म्हणाले, तुमच्या मास्कची, कोण बोलतंय तेच कळत नाही."

काका खुर्चीच्या कापडाची एक सुरकुती अंगठ्यानं सपाट करत राहिले. "आधी साथीचीच वाटत होती," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. पण नंतर... बघितलंच नाही तर आत काही नाहीच, असं म्हणता येतं ना. तीन महिने मी असा राहिलोय. बरं वाटत होतं."

काकूंनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"बरं वाटतंच," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडे पण आई आहे हो घरी, म्हातारी. मी रोज घरी जाते तेव्हा दारातच मला धडकी भरते. तुम्हाला काही होणारच नाही असं मी लिहून देणार नाही. पण आम्ही काय करतोय ते सांगते, मग तुम्ही ठरवा." आणि त्यांनी सांगितलं. मुख्य दारातून यायचंच नाही, मागच्या बाजूला वेगळं दार आहे. वेटिंग रूममध्ये बसायचं नाही, गाडीतच थांबायचं, आतून फोन आला की यायचं. दर पेशंटनंतर खोली पुसून, हवा खेळवून मगच पुढचा. येत्या मंगळवारी सकाळी पहिला नंबर तुमचा ठेवते. "कुठल्या खुर्चीला हातसुद्धा लावावा लागणार नाही तुम्हाला."

"खुर्चीला हात लावणं हा तर माझा धंदा," काका पुटपुटले.

"मग तेवढं एक दिवस सोसा."

"मी बरोबर येणार," काकू म्हणाल्या.

"काकू, नातेवाइकांना आत सोडत नाहीयेत."

"नका सोडू. मी बाहेर टेम्पोत बसेन. पण हे एकटे निघाले तर वाटेतूनच परत फिरतील, मला माणूस माहीत आहे."

मंगळवारी सकाळी दोघं निघाली. हॉस्पिटलच्या मागच्या आवारात सात-आठ गाड्या एकमेकींपासून अंतर ठेवून उभ्या होत्या आणि प्रत्येकीत तोंड बांधलेली एक-दोन माणसं फोनकडे टक लावून बसलेली. टेम्पोच्या पुढच्या सीटवर काकूंना कोंडल्यासारखं व्हायला लागलं, श्वास अपुरा पडेल की काय अशी शंका यायला लागली. काका उतरले, त्यांनी टेम्पोचं मागचं फळकूट खाली पाडलं, हिरव्या सोफ्यावरचं प्लास्टिक बाजूला केलं आणि काकूंना हात देऊन वर चढवलं. काकू तीन माणसांच्या सोफ्यावर मधोमध बसल्या. समोर मोकळं आवार, सकाळचं ऊन, वारा. पिशवीतून विणकाम काढलं.

हातात ताप बघायचं यंत्र घेऊन फिरणारा वॉचमन टेम्पोपाशी येऊन थबकला.

"हे काय?"

"सोफा," काकू म्हणाल्या.

"ते दिसतंय. पण कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा. मी पेशंटची बायको. आत बसू देत नाही तुम्ही, मग मी माझी बसायची सोय बरोबर आणली."

वॉचमननं लांबूनच काकूंच्या कपाळावर यंत्र रोखलं, आकडा बघितला आणि निघून गेला. शेजारच्या गाडीतल्या बाई हसत होत्या. मास्क होता तरी खांदे हलताना दिसत होते. इतक्या महिन्यांत परकं माणूस हसताना काकूंनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांनी सुया हातात धरूनच त्या बाईंना मान हलवून सलाम ठोकला.

काकांचा फोन वाजला. मागचं दार, एक छोटा बोळ, हात धुवायची जागा, मग ओळखीची खोली. तिथे तीन माणसं होती आणि तिघंही नखशिखांत झाकलेली. झगे, मास्क, वर पारदर्शक पडदे. काका उंबऱ्यातच थांबले. मग त्यातली एक व्यक्ती पुढे आली. तिच्या छातीवर हसऱ्या चेहऱ्याचा एक फोटो चिकटवला होता. चष्मा लावलेली, बारीक चणीची तरुण मुलगी.

"काका, मीच ती. फोनवाली."

काकांनी मनात पन्नाशीच्या, भारदस्त, कडक अंबाड्याच्या बाई रंगवल्या होत्या. ही तर त्यांच्या लेकीपेक्षा लहान.

"फोटो कशाला लावलाय?" त्यांनी विचारलं.

"ते आजोबा म्हणाले होते ना, कोण बोलतंय कळत नाही. मग आम्ही सगळ्यांनीच लावले."

डॉक्टरांच्याही छातीवर फोटो होता, पण त्यात ते इतके अवघडून हसत होते की काकांना हसू आवरेना. त्या हसण्यात निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी घेऊन ते टेबलावर आडवे झाले.

बधिर करणारं औषध लावलं, थोडा वेळ थांबले. आजवर काका दर वेळी छताकडे बघत राहिले होते. तिथल्या दिव्यांची संख्या त्यांना पाठ होती. या वेळी सिस्टर म्हणाल्या, "बघायचं असेल तर स्क्रीन इकडे वळवते." काकांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. आयुष्यभर लोकांच्या सोफ्यांची पोटं उघडून आत बघितली, एकदा स्वतःचंही बघू.

स्क्रीनवर गुलाबी, ओलसर, बारीक लाल नक्षीचं अस्तर दिसलं. इतकं देखणं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुर्बीण हळूहळू फिरत होती. डॉक्टर अधूनमधून "छान, छान" म्हणत होते. मग ते 'छान' म्हणायचे थांबले.

एका बाजूला, वळणापाशी, पाण्यात हलणाऱ्या शेवाळाच्या तुऱ्यासारखं काहीतरी डोलत होतं.

काकांना कुणी सांगावं लागलं नाही. "आहे ना?" ते म्हणाले.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "मसुराच्या डाळीएवढी. एकच दिसतेय. काका, ही एवढीच असल्यामुळे मी याच दुर्बिणीतून आत्ता काढू शकतो. पाच-सात मिनिटं. आधी चिमटा बसेल, मग चटके. सोसवेल? नाही तर पुन्हा बोलावून भूल देऊन काढू."

"पुन्हा बोलावलंत तर मी पुन्हा राँग नंबर म्हणेन," काका म्हणाले. "आत्ताच काढा."

चटके बसले. चांगलेच बसले. काकांच्या हाताला काहीतरी हवं होतं, टेबलाची कड सापडेना, तेव्हा हातमोजा घातलेला एक हात पुढे आला. तो त्यांनी धरला. नंतर त्यांना वाईट वाटलं, कारण रोज हातोडी चालवणाऱ्या माणसानं तो केवढ्या जोरानं आवळला असेल. सिस्टर मात्र सारख्या एकाच आवाजात सांगत होत्या, "झालं हं, आता कड जाळतायत, आता शेवटचं. बघा, गेली." स्क्रीनवर शेवाळाच्या जागी एक छोटा पांढुरका डाग होता.

तो तुकडा तपासायला पाठवला. काकांनी कपडे केले आणि उठताना विचारलं, "डॉक्टर, आणखी सहा महिने मी आलो नसतो तर?"

डॉक्टरांनी हातमोजे काढून टाकले. "तेव्हा काय दिसलं असतं ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यावं लागलं नाही, एवढ्यावर मी खूश आहे."

बाहेर आले तर काकू सोफ्यावरच उभ्या राहून दाराकडे बघत होत्या. अर्ध्या तासाचा तास झाला होता. काका टेम्पोपाशी आले.

"होती," ते म्हणाले. "काढली."

काकू खाली बसल्या आणि थोड्या सरकल्या. काका वर चढले आणि सोफ्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, अंग चोरून बसले. "मी आतून आलोय. लांबच बरा."

"हो, लांबच," काकू म्हणाल्या आणि विणलेल्या मफलरचं एक टोक त्यांच्या दिशेनं टाकलं. एक टोक काकांच्या हातात, दुसरं काकूंच्या. बराच वेळ दोघं तशीच बसून राहिली. शेजारच्या गाडीतल्या बाईंचा फोन वाजला. त्या उतरल्या, दाराकडे निघाल्या, जाताना थांबल्या.

"खूप दुखतं का हो?" त्यांनी काकांना विचारलं. "मला पण तीच तपासणी आहे. मी तीनदा टाळलंय."

"मला चटके दिले म्हणून दुखलं," काका म्हणाले. "नुसतं बघतात तेव्हा काही नाही. अवघडल्यासारखं होतं, तेवढंच. त्यांना सांगा स्क्रीन वळवायला, वेळ बरा जातो. आणि फोटो बघा डॉक्टरांचा."

बाई आत गेल्या. काका त्या दाराकडे बघत म्हणाले, "एवढं मला कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्याच फोनला आलो असतो."

"तुम्ही? पहिल्याच फोनला?" काकू म्हणाल्या. पण फारशा जोरात नाही म्हणाल्या.

पुढचे चौदा दिवस काका खाली दुकानात झोपले. टेम्पोतला हिरवा सोफा त्यांनी कसाबसा आत घेतला आणि त्याच्यावर पथारी टाकली. काकू जेवण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायच्या आणि वरून बोलायच्या. लेक रोज दोनदा फोन करून दोघांच्या तापाचा आकडा विचारायची. पहिल्यांदा मात्र ती रडली होती. "बाबा, मीच म्हटलं होतं जाऊ नका म्हणून." काका म्हणाले, "अगं, मला हवं तेच तू म्हणालीस. त्यात तुझा काय दोष?" चौदा दिवसांत ना काकांना ताप आला, ना काकूंना. पंधराव्या दिवशी काका वर गेले तेव्हा काकूंनी दार उघडून म्हटलं, "या. सोफ्याचं काय म्हणणं आहे?"

"मधली स्प्रिंग जरा कडक ठेवलीय मी," काका म्हणाले. "चाळीस वर्षांत स्वतःच्या कामावर कधी झोपून बघितलं नव्हतं. मऊ करून देतो त्यांना."

मधेच रिपोर्ट आला होता. सिस्टरनीच फोन केला. गाठ होती, पण सौम्य जातीची, मुळापर्यंत न गेलेली. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, बाकी आत्ता काही औषध नको. काका फोन धरून उभे राहिले. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. तुम्ही तीनदा फोन केलात, पहिल्या दोन वेळा मी खोटं बोललो, तरी तुम्ही तिसऱ्यांदा केलात, असं काहीतरी. तोंडातून आलं ते वेगळंच.

"सिस्टर, तुमच्या घरी सोफा कसा आहे?"

सिस्टर हसल्या. "आहे आपला. काका, आम्हाला काही घेता येत नाही हो."

"मग मी काय करू?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "खरंच करणार असाल तर एक आहे. माझ्या यादीत एक्केचाळीस जण आहेत. नुसते आमच्या विभागातले. सगळे नको म्हणतायत, आणि प्रत्येकाकडे एकेक दमा आहे." काका ओशाळले. "त्यांचे नंबर मी तुम्हाला देऊ शकत नाही, ते बरोबर नाही. पण तुमची हरकत नसेल आणि वरून परवानगी मिळाली, तर तुमचा नंबर त्यांना देते. ज्याला वाटेल तो करेल. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते असं पुष्कळ असतं लोकांचं."

परवानगी मिळाली. आणि सोफे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोन वाजायला लागला.

काकांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं की कुणाला उपदेश करायचा नाही. "मी डॉक्टर नाही," ते सुरुवातीलाच सांगत. "मी सोफे दुरुस्त करतो. माझी दुर्बीण झालीय, ती कशी झाली तेवढं सांगू शकतो." मग लोक विचारायचे. कपडे सगळे काढायला लावतात का? खोलीत बाई असते का? मधेच लघवी झाली तर काय? (होते, काका सांगत, तिथे त्यांना सवय आहे, आपल्यालाच काय ते वाटतं.) घरी जाताना गाडी चालवता येते का? मागचं दार कुठं, आत किती पावलं चालायचं, तिथं आणखी कुणी माणसं भेटतात का? एका गृहस्थांनी तर खोलीत पंखा आहे का तेही विचारलं. काका सगळ्याची उत्तरं देत, आणि जे माहीत नसेल ते लिहून ठेवून सिस्टरना विचारत.

सगळे ऐकले असं नाही. एकानं "हॉस्पिटलवाले किती देतात तुम्हाला?" असं विचारून फोन आपटला. एक प्रेमळ म्हातारे गृहस्थ चार वेळा बोलले, चारही वेळा 'उद्या तारीख घेतो' म्हणाले आणि मग त्यांचा फोन आला नाही. काकांना ते पुष्कळ दिवस लागून राहिलं. सिस्टरना विचारावंसं वाटे, पण त्या सांगणार नाहीत आणि सांगूही नये हे त्यांना कळत होतं. काकू म्हणाल्या, "तुम्ही दार दाखवलंत. आत ढकलायला तुम्ही कोण?" ते पटलं, तरी संध्याकाळी दुकान बंद करताना काका एकदा फोनकडे बघायचेच.

तीन महिन्यांनी त्यांची स्वतःची तारीख आली. त्या आठवड्यातही भूक गेलीच, एक गादी उसवून पुन्हा शिवलीच. फक्त आता ते काकूंना म्हणाले, "भीती वाटतेय गं." आजवर हे वाक्य त्यांनी चिडचिड करून म्हटलं होतं, आता सरळ म्हटलं. काकू म्हणाल्या, "मलाही." मग दोघांनी चहा केला. दुर्बिणीत अस्तर स्वच्छ निघालं. पांढुरका डागसुद्धा भरून आला होता. परत येताना काका गायले आणि काकूंनी काच खालीच ठेवली, मास्क होता म्हणून असेल.

यादी हळूहळू आटत गेली. शेवटी शेवटी एक लाँड्रीवाल्या बाई फोन करायच्या. रोज सकाळी अकराच्या सुमाराला, पाठीमागे इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज. त्या तपासणीबद्दल अवाक्षर काढत नसत. हॉटेलं बंद असल्यामुळे चादरी येत नाहीत, मुलगा परदेशी अडकलाय, एका शर्टाचा डाग निघता निघत नाही. काका 'हूं' आणि 'अंहं' करत ऐकायचे. पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी बाई बोलता बोलता थांबल्या.

"तुमच्या वेळी कोण होतं बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बायको. बाहेर बसली होती."

"माझ्याकडे बसायला कुणी नाही."

काकांनी हातातली हातोडी टेबलावर ठेवली. "तारीख कधीची आहे?"

"परवाची. साडेनवाची."

"मग परवा साडेनवाला मागच्या आवारात एक टेम्पो उभा असेल. आत आमचं माणूस बसलेलं असेल, विणत. तुम्ही तुमच्या गाडीत बसा, आम्ही आमच्या. बोलायला नको की काही नको."

ठरल्या दिवशी काका आणि काकू गेली. सव्वानऊला एक जुनी निळी व्हॅन येऊन चार गाड्या पलीकडे उभी राहिली. त्यातून एक उंच, कडक इस्त्रीचे कपडे घातलेल्या बाई उतरल्या, त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, टेम्पो पाहिला आणि हात अर्धवट वर केला. काकूंनी विणकाम उंच करून दाखवलं. बाई आत गेल्या.

पाऊण तासानं काकांचा फोन वाजला. बाई व्हॅनमध्ये येऊन बसलेल्या दिसत होत्या, फोन कानाला.

"झालं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"स्वच्छ आहे म्हणाले." मग, "तुम्ही अजून थोडा वेळ थांबाल का? मला जरा रडायचंय, मग मी निघते."

"थांबतो की," काका म्हणाले. "आम्हाला कुठं जायचंय?"

आणि ती दोघं थांबली, व्हॅन सुरू होऊन फाटकाबाहेर वळेपर्यंत.